आज्ञावलीचा विचार आणि तिची वाणी

(भिलाई येथील मराठी भाषक श्रोत्यांसमोर अनुवादिकेने दिलेल्या व्याख्यानाचा हा पाठ आहे. संकेतस्थळांच्या रचनेविषयीच्या प्रकरणास पूरक म्हणून तो येथे दिला आहे.)



ज्या गावात पोलाद तयार होते त्या गावात संगणकाच्या आज्ञावलीविषयी बोलायचे, तर आरंभ रोलिंग मिलपासून करणे सोयीचे ठरेल. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानुसार येथे कारखाना उभा राहिला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, हा इतिहास आपणांस माझ्याहून अधिक ठाऊक आहे. आपल्यापैकी कित्येकांनी तेथे आयुष्याची तीस-तीस वर्षे घालविली आहेत. पोलादात कार्बन किती, मँगेनीज किती, हे ठरते ते पोलाद वितळविण्याच्या विभागात. त्याचा रूळ व्हायचा, तुळई व्हायची की कोन, हे ठरते मिलमध्ये, रोलवर कोरलेल्या खाचांमुळे. खाचा कोरणारा कारागीर कार्बनचे प्रमाण ठरवीत नाही आणि भट्टीपाशी उभा असलेला माणूस रुळाच्या माथ्याची गोलाई ठरवीत नाही. दोघांची कामे वेगळी म्हणूनच एकाला आपले काम बदलताना दुसऱ्याचे बिघडण्याची धास्ती नसते.

संगणकाच्या आज्ञावलीतही अशीच विभागणी असावी, असे चार दशकांहून अधिक काळ सांगितले जात आहे. आज्ञावली जे ठरविते ते एकीकडे आणि ठरविलेले ती ज्या रूपात दाखविते ते दुसरीकडे. ऐकायला हे इतके सरळ वाटते, की त्यावरून वाद कशाला व्हावा असा प्रश्न पडतो. पण वाद झाला आहे, अजून चालू आहे, आणि त्यात मराठी भाषकांचा फार मोठा संबंध आहे, हे मला आज सांगायचे आहे. संगणकतज्ज्ञांचा घरगुती तंटा म्हणून आपण त्याकडे पाठ फिरविली, तर त्याचा निकाल आपल्या भाषेला विचारल्याशिवाय लागेल.

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच हाताशी ठेवू. एक सार्वजनिक वाचनालय आहे. त्याचे संकेतस्थळ आहे. सभासदाने आपला क्रमांक घातला की त्याच्याकडे कोणती पुस्तके आहेत, कोणत्या पुस्तकाची मुदत उलटली, किती रुपये भरावयाचे, हे त्याला दिसते. १९९५ साली रासमुस लेर्डोर्फ यांनी पीएचपी ही साधने प्रसिद्ध केली, तेव्हापासून असे पान तयार करण्याची एक सोपी रीत रूढ झाली. एकाच फाइलीत वरून खाली लिहीत जायचे: पानाचा मथळा, मग पुस्तकांची यादी मागविणारी आज्ञा, मग तक्त्याच्या रेषा, मग दिवसांचा हिशोब, दिवस जास्त झाले असतील तर लाल अक्षरे, मग दंडाचा गुणाकार, मग पुन्हा रेषा. काम एका संध्याकाळीत होते. या रीतीला नावे ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये, की जगातील असंख्य लहान संस्था याच रीतीने संकेतस्थळांवर पोहोचल्या.

अडचण दुसऱ्या वर्षी येते. वाचनालयाची समिती ठरविते, की शेवटचा दिवस रविवारी आला तर सोमवारपर्यंत दंड नाही. हा नियम पानाच्या फाइलीत बदलला जातो. पण पावती छापणारी फाइल वेगळी असते, आणि मोबाइलवर स्मरणसंदेश पाठविणारी तिसरीच. तिन्हींत तोच गुणाकार पुन्हा लिहिलेला असतो. परिणामी सभासदाला पडद्यावर एक रक्कम दिसते आणि पावतीवर दुसरी. खिडकीपाशी बसलेल्या ग्रंथपालाने त्याला काय सांगावे? चूक बेरजेची नाही. एकच निर्णय तीन जागी घेतला गेला, ही चूक आहे.

एड्सगर डाइकस्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९७४ च्या एका टिपणात या शिस्तीला जे नाव दिले ते इंग्रजीत सर्वतोमुखी झाले आहे. त्याचे शब्दशः भाषांतर करू गेल्यास ‘चिंतांची विभागणी’ असे काहीतरी हाती येते, आणि मराठी वाचकाला एकत्र कुटुंबातील वाटणीची आठवण होते. या पुस्तकात मी ‘जबाबदाऱ्यांची विभागणी’ असा शब्द योजिला आहे. तो पूर्णतः समाधानकारक नाही, पण निदान हसू तरी येत नाही.

या कल्पनेला पहिला ठोस आकार दिला तो नॉर्वेचे ट्रिग्वे रेन्सकाउग यांनी. या गृहस्थांची पार्श्वभूमी भिलाईकरांना आपलीशी वाटावी अशी आहे. जहाजबांधणीतील पोलादी पत्र्यांची आखणी आणि कापणी संगणकाच्या साह्याने व्हावी यासाठी त्यांनी १९६० च्या दशकात ‘ऑटोकॉन’ ही प्रणाली घडविली होती. १९७८-७९ मध्ये ते अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात पाहुणे शास्त्रज्ञ म्हणून होते. जहाजाच्या गोदीत एकाच कामाचे नियोजन अनेकांना अनेक रीतींनी पाहावे लागते. कुणाला तारखांचा तक्ता हवा, कुणाला माणसांची यादी, कुणाला आलेख. माहिती एक, दर्शने अनेक. रेन्सकाउग यांनी माहितीच्या मूळ रूपाला ‘मॉडेल’ म्हटले, तिच्या प्रत्येक दर्शनाला ‘व्ह्यू’ म्हटले, आणि माणसाच्या हालचाली टिपून त्या योग्य जागी पोचविणाऱ्या भागाला ‘कंट्रोलर’. डिसेंबर १९७९ च्या टिपणात हे तिन्ही शब्द एकत्र आले. त्यांचा हेतू केवळ फाइली नीटनेटक्या राहाव्यात एवढाच नव्हता. माणसाच्या मनात त्याच्या कामाचे जे चित्र असते ते आणि यंत्रात साठविलेले चित्र यांतील अंतर कमी व्हावे, ही त्यांची मूळ तळमळ होती. पुढे ही तीन नावे घेऊन अनेक चौकटी निघाल्या. ज्या तयार सांगाड्यावर संकेतस्थळ उभारतात त्यास मी चौकट म्हणते. मात्र त्या घाईत माणसाच्या मनातील चित्राची गोष्ट मागे पडली.

आता आपल्या घरी येऊ. आशय एक आणि रूपे अनेक, हा अनुभव मराठीला संगणकाने शिकविलेला नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल या प्रदेशावर होता, तेव्हा त्यांच्या दरबाराचा मराठी कारभार मोडीत चाले. पोथी मात्र बाळबोधीत लिहिली जाई. भाषा तीच, लेखनाची दोन रूपे. एक भरभर लिहिण्यासाठी, दुसरे स्वच्छ वाचण्यासाठी. परंतु मोडीचा कागद बाळबोधीत उतरविणाऱ्याला विचारा, तो सांगेल की हे काम नुसत्या नकलेचे नाही. मोडीत इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नाही. तेव्हा लेखकाला ‘दिन’ म्हणायचे आहे की ‘दीन’, हे कागदावर नसते, वाचणाऱ्याच्या डोक्यात असते. रूप बदलताना त्याला विचार करावा लागतो. ही बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढच्या साऱ्या वादाचे मर्म तिच्यात आहे. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले, हेही जाता जाता नमूद करते.

आशय आणि रूप यांची गल्लत झाली म्हणजे काय होते, याचा धडा आपण १९९० च्या दशकात घेतला. त्या काळच्या बहुतेक देवनागरी फाँटांत संगणक प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे सांकेतिक क्रमांकच साठवीत असे. त्या अक्षरांच्या जागी फाँट देवनागरीची चित्रे दाखवी, एवढेच. दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसला की लेखाचा जणू भुगा होई. माझ्या एका भाषांतराचे शंभराहून अधिक पृष्ठांचे हस्तलिखित असेच एका मुद्रणालयात पोचले आणि तेथील माणसाने दूरध्वनीवरून विचारले, “बाई, हे कोणत्या भाषेत आहे?” यंत्राच्या स्मृतीत मराठी नव्हतीच, होता तो तिचा मुखवटा. वस्तुतः यावरचा उपाय तेव्हाही उपलब्ध होता. भारतीय भाषांसाठी ‘इस्की’ ही मानक संकेतप्रणाली १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने स्वीकारली होती, आणि पुण्याच्या सी-डॅक संस्थेने त्या दिशेने मोठे काम केले होते. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही निघाली. दोहोंचे तत्त्व एकच: स्मृतीत अक्षराची ओळख साठवावी, त्याचे चित्र फाँटावर सोपवावे.

येथवर सारे सरळ आहे. पण ओळख कोठे संपते आणि चित्र कोठे सुरू होते, हे कोण ठरविणार? मराठी वळणाचा ‘श’ आणि ‘ल’ हिंदीच्या प्रचलित वळणाहून निराळे आहेत, हे आपण भिलाईत रोज पाहतो. मराठी मजकूर येथील संगणकावर उघडला की बहुधा हिंदी वळणाची अक्षरे दिसतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने आपल्या वळणाची अक्षरे मानक ठरविली आहेत. तथापि हा भेद रूपाचा आहे. ‘शाळा’ कोणत्याही वळणाने लिहिली तरी ती शाळाच. म्हणून युनिकोडने त्यांना वेगळे क्रमांक दिले नाहीत, आणि ते योग्यच आहे. पानाच्या आरंभी ‘ही भाषा मराठी’ अशी लहानशी खूण केली आणि फाँट जाणता असला, तर योग्य वळण आपोआप येते.

आता दुसरी जोडी पाहा. ‘आचार्यांना जेवायला बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना जेवायला बोलवा’. पहिल्यात विद्वानांना आमंत्रण आहे, दुसऱ्यात स्वयंपाक्यांना. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. हिंदी लेखनाची सवय असलेल्या माणसाला रफार आणि आडवा अर्धा र ही एकाच र्-काराची दोन चित्रे वाटतील. मराठीला तसे म्हणता येत नाही, कारण येथे चित्र बदलले की अर्थ बदलतो. युनिकोडमध्ये या अर्ध्या र-साठी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरण्याची व्यवस्था आहे. शिवाय जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून साध्या र-ला एक अदृश्य जोडचिन्ह लावूनही तीच आकृती काढता येते. परिणाम असा, की पडद्यावर हुबेहूब सारखी दिसणारी ‘दऱ्या’ ही अक्षरे स्मृतीत दोन निरनिराळ्या रीतींनी असू शकतात, आणि एका रीतीने शोधले तर दुसऱ्या रीतीने लिहिलेले सापडेलच असे नाही. आमच्या वाचनालयाच्या सूचीत पुस्तक असते, पण शोधणाऱ्याला ‘आढळले नाही’ असे उत्तर मिळते.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे: आशय आणि रूप यांमधली रेषा यंत्रात आधीपासून आखलेली नसते. अर्थभेद कोठे होतो हे जाणणाऱ्यालाच ती आखता येते, आणि ते जाणणारा त्या भाषेचा माणूस असतो.

आता चौकटींच्या वादाकडे वळते. एका बाजूला कडक शिस्तीचे लोक आहेत. त्यांचे म्हणणे सर्वांत नेटकेपणाने मांडले ते टेरेन्स पार या प्राध्यापकाने, २००४ सालच्या एका निबंधात. पान ज्या साच्यातून निघते त्या साच्याने काहीही ठरवू नये, असे ते म्हणतात. साच्याने मूळ माहितीत बदल करू नये, हिशोब करू नये, दोन मूल्यांची तुलना करू नये, ती कोणत्या जातीची आहेत हे गृहीत धरू नये. उलट मूळ माहितीतही रंग वा रेषा यांचा मागमूस असू नये. साच्याला एवढेच विचारता यावे, की अमुक गोष्ट आहे की नाही. आपल्या उदाहरणात सांगायचे तर साच्याने आजची तारीख आणि मुदतीची तारीख यांची तुलना करायची नाही, कारण त्याला रविवारचा नियम ठाऊक नाही. ‘मुदत उलटली आहे’ एवढे त्याच्या हाती द्यावे, मग त्याने अक्षरे लाल करावीत वा ठळक करावीत.

जवळजवळ त्याच सुमारास, २००३ मध्ये, अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील लॉरेन्स या गावी एका वृत्तपत्राच्या कचेरीत जॅंगो ही चौकट आकार घेऊ लागली. २००५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. तिचे साचेही मुद्दाम दुबळे ठेवलेले आहेत, आणि त्यामागे वृत्तपत्राचा व्यवहार आहे. पानाची सजावट करणारा माणूस आज्ञावलीकार असेलच असे नाही. त्याच्या हातून एखादा कंस सुटला म्हणून अंक अडकून राहता कामा नये. छापखान्यात खिळे जुळविणारा आणि अग्रलेख लिहिणारा यांच्यातील विभागणीच ही.

दुसरी बाजू २०१३ साली उघडपणे पुढे आली. फेसबुक कंपनीने रिअ‍ॅक्ट हे साधन प्रसिद्ध केले, आणि त्यात पानाची खूणभाषा थेट आज्ञावलीच्या ओळींत मिसळलेली पाहून जाणत्यांनी कपाळाला हात लावला. इतकी वर्षे जे वेगळे करायला शिकविले ते पुन्हा एकत्र! रिअ‍ॅक्टच्या कैवाऱ्यांचे उत्तर विचार करण्याजोगे होते. ते म्हणाले, तुम्ही जबाबदाऱ्या वेगळ्या केल्याच नाहीत, फक्त तंत्रे वेगळी केलीत. ‘पुस्तक परत केले’ हे एक बटण घ्या. त्याचे दिसणे एका फाइलीत, रंग दुसरीत, दाबल्यावर काय व्हायचे ते तिसरीत. बटण बदलायचे तर तिन्ही कपाटे उघडावी लागतात. एकाच माणसाचे सदरे, धोतरे आणि टोप्या तीन घरांत ठेवण्यासारखे हे आहे. त्यापेक्षा बटणापुरते सारे एकत्र ठेवा.

मला हा आक्षेप बराचसा पटतो. येथील टीएमटी सळईचेच पाहा. आरंभी मी सांगितले, की गुण भट्टीत ठरतात आणि आकार मिलमध्ये. जाणकारांनी तेव्हाच मनात हरकत घेतली असेल. ही सळई शेवटच्या रोलमधून तांबडीलाल बाहेर पडते आणि लगेच पाण्याच्या झोताखाली जाते. बाहेरचा थर झटकन थंड होऊन कठीण बनतो, आतली उष्णता त्याला पुन्हा थोडी नरमाई देते, आणि सळईचे बळ त्यातून येते. म्हणजे आकार देण्याच्या जागीच गुणही घडतो. तेथे विभागणी मोडली का? नाही. कार्बनचे प्रमाण अजून भट्टीतच ठरते. पण मिल म्हणजे केवळ साचा, तिला स्वतःचे शास्त्र नाही, असे मात्र म्हणता येत नाही.

रिअ‍ॅक्टच्या मार्गाचा अतिरेकही झाला. २०२३ मध्ये त्याच कुळातील एका चौकटीच्या परिषदेत, पानावरील बटणाच्या आतच माहितीसाठ्याला दिलेली आज्ञा लिहिलेली दाखविली गेली. जुन्या पिढीच्या लोकांनी १९९० च्या दशकाची आठवण काढून तिची भरपूर थट्टा केली. थट्टा अस्थानी नव्हती. दंडाचा नियम बटणात शिरला की आपला सोमवारचा घोळ पुन्हा सुरू.

तर मग कोणता पक्ष खरा? भाषांतरकाराच्या आसनावरून पाहिले तर दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. त्यांच्या मनातील पान इंग्रजी आहे.

वाचनालयाच्या पानावर असे वाक्य हवे आहे: अमुक सभासदाने इतकी पुस्तके परत केली. इंग्रजीत सभासदाचे नाव, मग एक न बदलणारे क्रियापद, मग संख्या, मग नाम. नामाला अनेकवचनाचा एक प्रत्यय लागला की झाले. आज्ञावलीकार हे तुकडे फाइलीत एकामागे एक चिकटवितो आणि भाषांतरासाठी तुकडेच पाठवितो. माझ्यापुढे यादी येते: ‘परत केले’, ‘पुस्तक’, ‘कादंबरी’, ‘ग्रंथ’. यांतून मी काय बांधू? एक ग्रंथ परत केला, दोन ग्रंथ परत केले. एक पुस्तक परत केले, दोन पुस्तके परत केली. एक कादंबरी परत केली, दोन कादंबऱ्या परत केल्या. क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. सभासद स्त्री की पुरुष याने येथे काही बिघडत नाही, पण ‘सभासद वाचनालयात आला’ म्हटले की लगेच बिघडते. गावाचे नाव घालायचे तर भिलाईत, पुण्यात, नागपुरात. शेवटी ‘त’ जोडला की काम भागत नाही. पुणेचे पुण्य व्हावे लागते आणि नागपूरचा ऊकार ऱ्हस्व. शिवाय वाचनालयात बालविभाग असतो. सातवीतल्या मुलाला ‘आपण पुस्तक परत करावे’ असे सांगितले तर तो मागे वळून पाहील की कुणाशी बोलताहेत.

हे सारे ‘जर असे, तर तसे’ या जातीचे निर्णय आहेत. यांची जागा कोणती? दंडाच्या नियमाशेजारी मूळ आज्ञावलीत त्यांना ठेवता येत नाही. तेथे मराठीचे नियम भरले तर उद्या हिंदीचे, परवा छत्तीसगढीचे भरावे लागतील, आणि दंडाचा हिशोब करणाऱ्याला सामान्यरूप शिकावे लागेल. पार यांच्या कडक साच्यात ते शक्य नाही, कारण तेथे तुलनाच निषिद्ध आहे. संख्या एक आहे की अनेक, हेसुद्धा त्याला विचारता येत नाही. ते मूळ भागाने आधी ठरवून द्यावे म्हटले, तर मूळ भागाला प्रत्येक भाषेचे व्याकरण यावे लागेल.

येथील वडीलधाऱ्यांपैकी ज्यांनी सोव्हिएत अभियंत्यांबरोबर काम करताना रशियन कानावरून घालविली आहे, त्यांना हे पटकन उमगेल. एक रुब्ल, द्वा रुब्ल्या, पण प्याच रुब्लेय. दोन ते चारला एक रूप, पाचपासून दुसरे, आणि एकवीसला पुन्हा एकचे रूप. अरबीत तर संख्येप्रमाणे सहा प्रकार मानतात. एक आणि अनेक ही दोनच कप्प्यांची मांडणी निसर्गनियम नव्हे, ती काही भाषांची सवय आहे.

तात्पर्य, दर्शनी भागालाही स्वतःचा विचार असतो. त्याने रुपयांचा हिशोब करू नये, हे कडक पक्षाचे म्हणणे खरे. त्याने विचारच करू नये, हे मात्र खरे नाही. मोडी वाचणाऱ्याचा विचार तो हाच.

आनंदाची गोष्ट अशी, की हे ओळखून घडविलेली साधने आज आहेत, आणि त्यांपैकी एकात मराठी माणसांचे हात लागलेले आहेत. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तो ज्या मीडियाविकी आज्ञावलीवर चालतो तिच्यातील प्रत्येक संदेश मूळ आज्ञांपासून वेगळ्या फाइलीत, संपूर्ण वाक्य म्हणून ठेवलेला असतो. जगभरचे स्वयंसेवक ट्रान्सलेटविकी या स्थळावर त्यांची भाषांतरे करतात. त्या वाक्याच्या आतच भाषांतरकाराला वचनाचे आणि लिंगाचे पर्याय लिहिता येतात: संख्या एक असेल तर हे रूप, नाहीतर ते. सदस्याने आपले लिंग नोंदविले असेल तर त्याप्रमाणे, नसेल तर तटस्थ. आज्ञावलीकार फक्त संख्या आणि नाव पुरवितो. मराठीत त्याचे काय करायचे हे त्याला ठाऊक असण्याची गरजच राहत नाही. मोझिला संस्थेने २०१९ मध्ये पूर्णत्वास नेलेली फ्लुएंट ही पद्धत आणखी एक पाऊल पुढे जाते. इंग्रजी वाक्यात एकही ‘जर’ नसला तरी मराठी वाक्यात तीन असू शकतात, आणि मूळ आज्ञावलीला त्याचा पत्ताही नसतो.

श्रोत्यांत काही तरुण मंडळी याच व्यवसायात आहेत, असे मला सभेपूर्वी समजले. त्यांच्याजवळ माझे मागणे फार नाही. चौकट कोणतीही घ्या, त्या भांडणात मी पडत नाही. पण वाक्य तोडून पाठवू नका. आणि एकटा शब्द पाठविणार असाल तर तो कोठे दिसणार ते सांगा. इंग्रजीत ‘ओपन’ असे पाच ठिकाणी लिहून चालते. मराठीत एका ठिकाणी ते ‘उघडा’ आहे, दुसऱ्या ठिकाणी ‘वाचनालय चालू आहे’, आणि तक्रारीच्या यादीत ‘निकाली निघालेली नाही’. बालविभागाचा सभासद आहे की प्रौढ, ही माहिती वाक्यापर्यंत येऊ द्या. ती न आल्यास कितीही चांगला भाषांतरकार मुलाला अहोजाहोच करणार.

हे नीट झाले तर मराठीपुरताच लाभ होतो असे नाही. छत्तीसगढच्या विधानसभेने २००७ मध्ये छत्तीसगढीला राजभाषेचे स्थान दिले. या वाचनालयाच्या पानाला उद्या छत्तीसगढी वाणी द्यायची झाली, तर ती भाषा घरी बोलणाऱ्या एखाद्या शिक्षिकेला संदेशांची फाइल देता यावी आणि तिने एका सुटीत ती पुरी करावी. दंडाच्या नियमाला कोणी हातही लावू नये. ज्या आज्ञावलीत तक्त्याच्या रेषा आणि गुणाकार एकमेकांत गुंतले आहेत, तेथे त्या शिक्षिकेला बाहेरच उभे राहावे लागेल.

अखेर एक शंका, जिचे उत्तर मी आपणांवर सोपविते. इतका वेळ मी ‘दंड’ हा शब्द वापरला. काही वाचनालये त्याला ‘विलंबशुल्क’ म्हणतात. आज्ञावलीच्या लेखी दोन्ही ठिकाणी आकडा तोच, तेव्हा हा बदल निव्वळ दर्शनी भागातला मानावा लागेल. पण ज्या सभासदाचे पुस्तक आजारपणामुळे परत करायचे राहिले, त्याला हे दोन शब्द सारखे वाटतात का, हे ग्रंथपालांना विचारून पाहावे. येथे दोन ग्रंथपाल उपस्थित आहेत. प्रश्नोत्तरांचा आरंभ त्यांच्यापासून व्हावा अशी अध्यक्षांना विनंती करते.